गिट लॉग आपल्याला हवा तसा: कमिटच्या यादीला आपला फॉरमॅट कसा द्यावा

गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, आणि कमिट म्हणजे त्यातली एक नोंद. टर्मिनलमध्ये नुसतं 'गिट लॉग' टाकलं की प्रत्येक कमिटसाठी चाळीस अक्षरांचा हॅश, म्हणजे तिची ओळखखूण, येतो. मग लेखकाचं नाव आणि ईमेल, मग तारीख, एक मोकळी ओळ आणि चार जागा सोडून संदेश. एका स्क्रीनवर पाच-सहा कमिट्स मावल्या तरी खूप. नव्या प्रोजेक्टवर आलेला माणूस याला कंटाळतो आणि नेटवर शोधून कुणाचा तरी रंगीबेरंगी 'एलजी' नावाचा एलियस (लांब कमांडचं छोटं नाव) चिकटवून टाकतो. तो चालतोही. पुढे कधीतरी तारखा विचित्र दिसतात किंवा फाइलमध्ये काढलेल्या यादीत कचरा येतो, आणि त्या लांबलचक ओळीतलं कुठलं अक्षर बदलायचं ते कळत नाही.

म्हणून हा लेख. फॉरमॅट आपल्या हाताने, एकेक तुकडा जोडत बनवायचा. माझा आग्रह एवढाच की सगळं काही दाखवणारा एकच फॉरमॅट करू नका. रोज नजर टाकायला एक, रिलीजची यादी काढायला दुसरा, स्क्रिप्टला खायला घालायला तिसरा. एका प्रश्नाला एक फॉरमॅट.

वाचण्याआधी: कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत, शेजारी बसलेल्याला तोंडी सांगाव्यात तशा. टंकताना अक्षरं आणि अंक इंग्रजीच टंकायचे, आणि सगळी अक्षरं लहान. कॅपिटल लागेल तिथे मी 'मोठा' असं स्पष्ट सांगेन. टक्क्याच्या चिन्हापुढे अक्षरांची नावं आहेत: %एच म्हणजे टक्का आणि एच, %एएन म्हणजे टक्का, ए आणि एन, मध्ये जागा न सोडता.

## काय काय लागेल

- गिट आणि टर्मिनल. विंडोजवर असाल तर गिटसोबत येणारं गिट बॅशच वापरा, कारण खाली कळेल.
- बऱ्याच जणांनी काम केलेली एखादी रिपॉझिटरी, म्हणजे गिटने सांभाळलेलं प्रोजेक्टचं फोल्डर. ऑफिसचा प्रोजेक्ट चालेल. नसेल तर गिटचा स्वतःचा सोर्स कोड क्लोन करा. डाउनलोड मोठं आहे, पण सरावाला त्याहून चांगली जागा नाही. मी उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.
- होम फोल्डरमधली '.गिटकॉन्फिग' फाइल उघडायला कुठलाही एडिटर.

भीती बाळगायचं कारण नाही. 'गिट लॉग' फक्त वाचतो, रिपॉझिटरीत काही बदलत नाही. फॉरमॅट कितीही चुकला तरी नुकसान शून्य.

## १. पेजरमधून बाहेर कसं यायचं

यादी लांब असली की गिट ती 'लेस' या पेजरमध्ये (लांब मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडतो. नवीन माणूस इथेच अडकतो आणि टर्मिनलची खिडकी बंद करून टाकतो. बाहेर पडायला क्यू, पुढच्या पानाला स्पेस, शोधायला तिरकी रेघ आणि शब्द. लांब ओळी गुंडाळून खाली येत असतील तर पेजरमध्ये असतानाच वजा आणि मोठा एस दाबून एंटर करा, ओळी उजवीकडे कापल्या जातात आणि यादी सरळ दिसते. पेजर नकोच असेल तर:

`गिट --नो-पेजर लॉग -१०`

'--नो-पेजर' हा 'लॉग'च्या आधी येतो, नंतर नाही. शेवटचं -१० म्हणजे ताज्या दहा कमिट्स. सराव करताना हे शेपूट कायम लावा.

## २. तयार फॉरमॅट आधी बघून घ्या

निम्म्या वेळा स्वतःचा फॉरमॅट लागतच नाही. हे करून बघा:

`गिट लॉग -५ --वनलाइन`

छोटा हॅश आणि संदेशाची पहिली ओळ, बस्स. '--प्रिटी=' पुढे शॉर्ट, मीडियम, फुल, फुलर, रेफरन्स, ईमेल, रॉ अशीही नावं देता येतात. मीडियम म्हणजे नेहमी दिसतो तोच. यातले दोन लक्षात ठेवण्यासारखे.

'रेफरन्स' हा छोटा हॅश देतो आणि पुढे कंसात संदेश व तारीख. दुसऱ्या कमिटच्या संदेशात किंवा तिकिटात "हे त्या कमिटमुळे बिघडलं" असं लिहायचं असेल तर तीच ओळ उचलून चिकटवा.

'फुलर' लेखक (बदल लिहिणारा) आणि कमिटर (ती कमिट आत्ताच्या रूपात बनवणारा) हे दोघेही दाखवतो, आणि दोघांच्या तारखाही. कमिट एकच, मग माणसं दोन आणि तारखा दोन कशा, हे चौथ्या पायरीवर येतंय. तारखांचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

## ३. पहिला स्वतःचा फॉरमॅट

`गिट लॉग -५ --फॉरमॅट="%एच %एएन %एस"`

छोटा हॅश, लेखकाचं नाव, संदेशाचा मथळा. टक्क्यापासून सुरू होणाऱ्या या खुणांना प्लेसहोल्डर म्हणतात. बाकी तुम्ही जे लिहाल, म्हणजे डॅश, उभी रेघ, कंस, मराठी शब्दसुद्धा, ते जसंच्या तसं छापलं जातं. रोज लागणारे प्लेसहोल्डर एवढेच:

- %एच: छोटा हॅश. मोठा एच लिहिला तर पूर्ण चाळीस अक्षरी.
- %एएन आणि %एई: लेखकाचं नाव आणि ईमेल.
- %सीएन आणि %सीई: कमिटरचं नाव आणि ईमेल.
- %एडी, %एआर, %एएस: लेखकाची तारीख, अनुक्रमे ठरवाल त्या रूपात, "तीन दिवसांपूर्वी" अशा रूपात, आणि वर्ष-महिना-दिवस रूपात. ए-च्या जागी सी घातला की हेच कमिटरसाठी.
- %एस: मथळा. %बी: मथळ्याखालचा मजकूर. मोठा बी: दोन्ही मिळून, मूळ रूपात.
- %डी: त्या कमिटवर असलेल्या ब्रँच (कामाची वेगळी धारा) आणि टॅग (एखाद्या कमिटला दिलेलं नाव, बहुधा आवृत्तीचं) यांची नावं, कंसात. मोठा डी: तेच, कंसाशिवाय.
- %एन: नवी ओळ. %%: छापील टक्का.

लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जिवावर बेततो म्हणा. %एन म्हणजे नवी ओळ. तिथे चुकून मोठा एन लिहिलात तर गिट त्या कमिटच्या 'नोट्स' (कमिटला वेगळ्या जोडलेल्या टिपा) शोधतो, त्या बहुधा नसतात, आणि तुमची ओळ तुटतच नाही. कुठलीही चूक दाखवली जात नाही, नुसतं रिकामं.

मथळा म्हणजे पहिली ओळ असं सगळे समजतात. गिटच्या लेखी मथळा म्हणजे पहिल्या मोकळ्या ओळीपर्यंतचा सगळा मजकूर, एका ओळीत जोडलेला. टीममधल्या कुणाला मोकळी ओळ न सोडता आठ ओळींचा संदेश लिहायची सवय असेल तर %एस मध्ये त्याचं अख्खं पुराण येतं. दोष फॉरमॅटचा नाही, त्या माणसाशी बोला.

मजकूर कधी असतो, कधी नसतो, तेव्हा नुसतं %एन%बी लिहिलं की मजकूर नसलेल्या कमिटखाली रिकाम्या ओळी पडतात. त्याऐवजी %+बी लिहा. अधिकाचं चिन्ह असलं की मजकूर असेल तरच त्याआधी नवी ओळ येते. टक्का आणि अक्षरामध्ये एक जागा सोडली, तर तसंच, पण नवी ओळ न येता जागा येते. ब्रँचच्या नावांसाठी हे फार उपयोगी.

विंडोजवाल्यांसाठी. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकेरी अवतरणचिन्ह अवतरण मानलं जात नाही. नेटवरची बहुतेक उदाहरणं एकेरीत असतात, ती तिथे तुटतात. दुहेरी वापरा. बॅच फाइलमध्ये लिहिणार असाल तर प्रत्येक टक्का दोनदा लिहावा लागतो, नाहीतर विंडोज त्याला आपलं व्हेरिएबल समजून खाऊन टाकतं. गिट बॅशमध्ये यातलं काहीच नाही.

## ४. तारीख: इथे सावकाश वाचा

प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात. लेखकाची तारीख म्हणजे बदल पहिल्यांदा कमिट झाला ती वेळ. कमिटरची तारीख म्हणजे ती कमिट आत्ताच्या रूपात तयार झाली ती वेळ. साध्या कामात दोन्ही एकच. पण रिबेस (कमिट्स नव्या पायावर पुन्हा रचणं), अमेंड (शेवटची कमिट सुधारणं) किंवा चेरी-पिक (एखादी कमिट दुसऱ्या ब्रँचवर उचलून आणणं) केलं की कमिटरची तारीख बदलते, लेखकाची तशीच राहते. म्हणजे सोमवारी लिहिलेल्या पाच कमिट्स शुक्रवारी रिबेस केल्या, तर %सीआर पाचही "दोन मिनिटांपूर्वी"च्या दाखवेल.

नेटवर फिरणाऱ्या त्या प्रसिद्ध 'एलजी' एलियसमध्ये नेमका %सीआर असतो आणि शेजारी नाव मात्र %एएन, लेखकाचं. एका माणसाचं नाव आणि दुसऱ्याच कृतीची वेळ. रिबेस न करणाऱ्या टीमला फरक पडत नाही. करणाऱ्या टीममध्ये तो एलियस रोज दिशाभूल करतो. काम कधी झालं हे हवं असेल तर ए, ब्रँचमध्ये आत्ताच्या रूपात कधी आलं हे हवं असेल तर सी. गिटहबच्या वेबसाइटवरून स्क्वॉश करून मर्ज केलेल्या, म्हणजे अनेकींची एक करून मुख्य ब्रँचमध्ये मिसळलेल्या, कमिट्समध्ये तर कमिटरचं नावच 'गिटहब' असतं, त्यामुळे तिथे %सीएन घेऊन काही हाती लागत नाही.

आता रूप. '--डेट' या पर्यायाने ते ठरतं:

`गिट लॉग -५ --डेट=शॉर्ट --फॉरमॅट="%एडी %एच %एस"`

शॉर्टच्या जागी आयएसओ, रिलेटिव्ह, ह्यूमन, लोकल असं काही घालून बघा. आपल्याकडच्या सवयीने दिवस-महिना-वर्ष हवं असेल तर:

`--डेट=फॉरमॅट:"%डी-%एम-%वाय"`

यातला वाय मोठा, बाकी दोन लहान. लहान वाय दिलात तर वर्ष दोनच आकडी येतं. वेळही हवी असेल तर तास मोठा एच आणि मिनिटं मोठा एम. लहान एम महिना, मोठा एम मिनिटं: ही अदलाबदल झाली की तारीख पहिल्या नजरेत खरी वाटते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

'--डेट' फक्त %एडी आणि %सीडी ऐकतात. %एआर, %एएस यांचं रूप पक्कं आहे. "मी --डेट बदलतोय पण काहीच होत नाही" ही तक्रार असेल तर आधी अक्षर तपासा.

आणि टाइमझोन. गिट तारीख दाखवतो ती लिहिणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे, तुमच्या नाही. गिटच्या रिपॉझिटरीतली पहिली कमिट बघा:

`गिट लॉग -१ ई८३सी५१६३३१६एफ`

लिनस टोर्वाल्ड्सची ही कमिट. तारीख दिसते ७ एप्रिल २००५, दुपारचे १५:१३:१३, पुढे -०७००. आता त्याच ओळीला '--डेट=लोकल' जोडा. भारतातल्या मशीनवर तीच कमिट ८ एप्रिलला पहाटे ०३:४३:१३ ची होते. दिवसच बदलला. तुमची टीम पुण्यात आणि क्लायंट अमेरिकेत असेल तर "कालच्या कमिट्स" या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. अहवाल देताना सगळ्या तारखा एका घड्याळावर आणा: '--डेट=लोकल', किंवा स्वतःचं रूप असेल तर 'फॉरमॅट'च्या जागी 'फॉरमॅट-लोकल'.

तारखेवरून गाळणी लावताना अजून दोन खाचा. एक, '--सिन्स' आणि '--अंटिल' कमिटरची तारीख बघतात. यादीत तुम्ही %एडी छापत असाल तर मागितलेल्या मुदतीबाहेरच्या तारखा दिसतील. गिट चुकलेला नाही, तुम्ही गाळताय एक आणि छापताय दुसरी. दोन, नुसती तारीख दिली की गिट वेळ आत्ताची धरतो. दुपारी चारला

`गिट लॉग --सिन्स=२०२५-०३-०१`

चालवलंत तर १ मार्चच्या सकाळच्या कमिट्स गायब, आणि हीच कमांड सकाळी नऊला वेगळी यादी देते. वेळ स्पष्ट लिहा:

`गिट लॉग --सिन्स="२०२५-०३-०१ ००:००"`

## ५. रकाने आणि रंग

नावं लहान-मोठी असल्याने मथळे वेड्यावाकड्या जागी सुरू होतात. रकाना असा पाडायचा:

`--फॉरमॅट="%एच %<(१२,ट्रंक)%एएन %एस"`

%<(१२,ट्रंक) म्हणजे पुढचा प्लेसहोल्डर बारा जागांमध्ये डावीकडून बसव, जास्त असेल तर काप. 'लिनस टोर्वाल्ड्स' इंग्रजीत मधली जागा धरून चौदा अक्षरांचं, ते 'टोर्व'पर्यंत येऊन दोन टिंबांवर थांबतं. बाणाची दिशा उलटी केली की मजकूर उजवीकडे सरकतो, "तीन दिवसांपूर्वी" छापाच्या तारखांना ते छान दिसतं. ही सूचना फक्त लगेच पुढच्या प्लेसहोल्डरपुरती. दुसऱ्या रकान्यासाठी पुन्हा लिहावी लागते. अवतरणचिन्हं विसरलात तर शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम) < आणि कंसाला आपलीच खूण समजतं आणि कमांड मोडते.

रंगासाठी टक्का, मोठा सी आणि कंसात रंगाचं नाव. खालच्या सगळ्या ओळींमध्ये कंसाआधीचा सी मोठाच आहे:

`--फॉरमॅट="%सी(यलो)%एच%सी(रीसेट) %एस"`

रीसेट विसरलं की पिवळा रंग उरलेल्या ओळीभर पसरतो. मी स्वतः बहुतेक वेळा नुसतं %सी(ऑटो) वापरतो. त्यापुढच्या हॅशला आणि ब्रँचच्या नावांना गिट आपले नेहमीचे रंग देतो, जे डोळ्यांना आधीच सवयीचे असतात. पाच रंगांची रांगोळी पहिल्या दिवशी गोड वाटते. महिन्याभराने कुठला रंग कशाचा हे कुणालाच आठवत नाही.

त्या कॉपी केलेल्या एलियसमध्ये '--कलर' असा सुटा पर्याय असतो. त्याचा अर्थ 'कायम रंग', म्हणजे आउटपुट फाइलमध्ये वळवलं तरी. मग फाइलमध्ये चौकटी कंस आणि आकडे असा कचरा येतो, तो त्या रंगांचा. हा पर्याय काढून टाका. टर्मिनल असेल तर रंग आणि फाइल असेल तर साधं, हे गिट आपणहून ओळखतो. त्यात '--अब्रेव्ह-कमिट'ही असतं. %एच मुळातच छोटा असल्याने तेही ओझंच.

ब्रँचेस कुठे फुटल्या, कुठे जुळल्या हे हवं असेल तर '--ग्राफ' जोडा. तुमचा फॉरमॅट त्याच्या उजवीकडे नीट बसतो, अनेक ओळींचा असला तरी. फार मर्ज असतील तर रेघाच रेघा दिसतात, तेव्हा '--फर्स्ट-पॅरेंट' देऊन फक्त मुख्य धारा बघा.

## ६. 'फॉरमॅट' आणि 'टीफॉरमॅट'

'--प्रिटी=' पुढे दोन प्रकारे लिहिता येतं, 'फॉरमॅट:' किंवा 'टीफॉरमॅट:'. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक नव्या ओळीचा. 'फॉरमॅट:' दोन कमिट्सच्या मध्ये नवी ओळ घालतो, म्हणून शेवटच्या कमिटनंतर ती नसते. 'टीफॉरमॅट:' प्रत्येकीच्या शेवटी घालतो. आपण वर वापरलेलं '--फॉरमॅट=' हे दुसऱ्या प्रकारचं.

फरक कुठे चावतो? 'फॉरमॅट:' वापरून दहा कमिट्स ओळी मोजणाऱ्या 'डब्ल्यूसी -एल'ला दिल्यात तर तो नऊ मोजतो. शेलमधलं एकेक ओळ वाचणारं 'व्हाइल रीड' शेवटची कमिट चुपचाप सोडून देतं, आणि सोडलेली असते ती यादीतली सगळ्यात जुनी, जिच्याकडे कुणी बघत नाही. खास कारण नसेल तर कायम 'टीफॉरमॅट:' लिहा.

## ७. फॉरमॅटला नाव द्या, मग एलियस करा

रोज एवढं कोण टंकणार. दोन पायऱ्यांत करा. आधी फॉरमॅटला नाव:

`गिट कॉन्फिग --ग्लोबल प्रिटी.रोज "टीफॉरमॅट:%सी(ऑटो)%एच %एडी %<(१२,ट्रंक)%एएन %एस%सी(ऑटो)% डी"`

शेवटी टक्का आणि डी मधली जागा मुद्दाम आहे, ब्रँचचं नाव नसेल तर काहीच छापलं जाऊ नये म्हणून. (%डी स्वतःच्या सुरुवातीला एक जागा घालतोच, त्यामुळे ती दोन दिसतील; खटकत असेल तर काढा.) मग एलियस:

`गिट कॉन्फिग --ग्लोबल एलियस.एलजी "लॉग --ग्राफ --डेट=शॉर्ट --प्रिटी=रोज"`

आता 'गिट एलजी -१५' चालतं. एलियसच्या पुढे जे लिहाल ते मूळ कमांडला जोडलं जातं, म्हणजे ब्रँचचं नाव, फाइलचं नाव, '--ऑथर' सगळं चालतं. दोन पायऱ्या केल्याचा फायदा हा की 'रोज' हे नाव 'गिट शो'लाही देता येतं.

इथले सापळे:

- एलियसला 'लॉग' हेच नाव दिलंत तर गिट ते दुर्लक्षित करतो. गिटच्या स्वतःच्या कमांडवर कुरघोडी करता येत नाही. तसंच फॉरमॅटला 'शॉर्ट' किंवा 'फुल' नाव दिलंत तर तेही, एक अक्षर न बोलता.
- 'फॉरमॅट.प्रिटी' नावाची एक सेटिंग आहे, ती नुसत्या 'गिट लॉग'चंच रूप बदलते. मोह आवरा. टीममधल्या कुठल्या तरी जुन्या स्क्रिप्टला नेहमीचं रूप अपेक्षित असतं आणि ती फक्त तुमच्याच मशीनवर मोडते.
- '.गिटकॉन्फिग' हाताने लिहिणार असाल तर अवतरणाबाहेरचा # किंवा अर्धविराम आला की त्यापुढचं सगळं टिप्पणी धरलं जातं, आणि आतल्या दुहेरी अवतरणाआधी उलटी तिरकी रेघ लागते. 'गिट कॉन्फिग' कमांडने टाकलंत तर हे तो स्वतः सांभाळतो.

कुठली सेटिंग कुठून येतेय असा गोंधळ झाला तर `गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन`. प्रत्येक ओळीआधी फाइलचं नाव येतं.

## ८. एकाच माणसाची तीन नावं

ऑफिसच्या लॅपटॉपवर पूर्ण नाव, घरच्या मशीनवर टोपणनाव, वेबवरून केलेल्या कमिटला तिसरंच. रिपॉझिटरीच्या मुळाशी '.मेलमॅप' नावाची फाइल ठेवा. प्रत्येक ओळीत आधी योग्य नाव व कोनी कंसात योग्य ईमेल, आणि पुढे कमिटमधलं जुनं नाव व ईमेल. साधा 'गिट लॉग' आता ही फाइल आपणहून पाळतो, पण तुमच्या फॉरमॅटमधला %एएन पाळत नाही. त्यासाठी टक्का, लहान ए, मोठा एन. ईमेललाही तसंच, मोठा ई. ही फाइल असलेल्या प्रोजेक्टमध्ये 'रोज' फॉरमॅटमध्ये हाच बदल करून टाका.

## ९. मराठी संदेश आणि मराठी फाइल

कमिटचे संदेश मराठीत लिहायला गिटची काहीच हरकत नसते. दिसण्यात अडचण येते ती तीन जागी.

यादीसोबत '--स्टॅट' किंवा '--नेम-ओन्ली' दिलं आणि फाइलचं नाव देवनागरीत असलं, की नावाऐवजी \३४०\२४४ असे आकडे येतात. 'अहवाल' नावाची फाइल \३४०\२४४\२०५ पासून सुरू होते. फाइल बिघडलेली नाही, गिट सावधगिरी म्हणून बाइट छापतो. उपाय:

`गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ ऑफ`

दुसरी जागा पेजर. विंडोजवर संदेशात <ई०><ए४> असं काही दिसलं तर 'लेसचारसेट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळी अक्षरं मोठी) 'यूटीएफ-८' ठेवा. तिसरी जागा रकाने. काना, वेलांटी, जोडाक्षरं किती जागा घेतात याचा गिटचा हिशोब आणि टर्मिनलचा हिशोब जुळेलच असं नाही, त्यामुळे देवनागरी नावांपुढचा रकाना थोडा हलतो. याला मी एकच तोड काढली आहे: मराठी मजकूर येणारा प्लेसहोल्डर ओळीच्या शेवटी ठेवायचा. हलायला पुढे काही उरतच नाही.

## १०. रिलीजची यादी आणि स्क्रिप्ट

दोन टॅगमधलं काम काढायला:

`गिट लॉग व्ही१.४..व्ही१.५ --नो-मर्जेस --फॉरमॅट="- %एस (%एच)"`

टिंबं दोनच. तीन दिलीत तर दोन्ही बाजूंच्या वेगळ्या कमिट्स येतात, म्हणजे फक्त जुन्या बाजूला असलेल्याही. गिटहबवर साध्या मर्जने काम चालत असेल तर मर्ज कमिटचा मथळा "मर्ज पुल रिक्वेस्ट" छापाचा निरुपयोगी असतो, खरं शीर्षक खालच्या मजकुरात असतं. तिथे उलटं करा: '--नो-मर्जेस'च्या जागी '--मर्जेस --फर्स्ट-पॅरेंट' आणि %एस च्या जागी %बी. क्लायंटला पाठवण्याजोगी यादी तयार.

क्लायंटच्या यादीत %एआर कधीही नको. "दोन दिवसांपूर्वी" हे ईमेल उघडेपर्यंत खोटं झालेलं असतं.

स्क्रिप्टसाठी लोक स्वल्पविराम टाकून सीएसव्ही करतात, नाहीतर फॉरमॅटमध्येच महिरपी कंस लिहून जेसन (डेटा लिहिण्याची एक ठरलेली पद्धत) करतात. दोन्ही तुटतात, कारण गिट संदेशातली चिन्हं सांभाळून घेत नाही, जशीच्या तशी ओततो. वरच्या त्या पहिल्या कमिटचाच संदेश बघा: इनिशियल रिव्हिजन ऑफ "गिट", द इन्फर्मेशन मॅनेजर फ्रॉम हेल. दुहेरी अवतरण आणि स्वल्पविराम, दोन्ही एकाच ओळीत, आणि तेही पहिल्याच कमिटला. नुसती नावं-तारखा हव्या असतील तर मध्ये टॅब घाला, त्याची खूण %एक्स०९. बहुओळी मजकूरही हवा असेल तर रकान्यांमध्ये %एक्स०० आणि कमिट्सच्या मध्ये '-झेड' हा पर्याय, म्हणजे शून्य बाइट. कमिटच्या संदेशात तो येऊच शकत नाही. जेसनच हवं असेल तर हे पायथनसारख्या भाषेत वाचून तिथल्या लायब्ररीने बनवा.

## ११. टीमला द्यायचं असेल तर

रिपॉझिटरीतल्या '.गिट' फोल्डरमधली कॉन्फिग फाइल पुश होत नाही, त्यामुळे तिथे ठेवलेले फॉरमॅट सहकाऱ्यांपर्यंत पोचत नाहीत. 'प्रिटी' आणि 'एलियस'चे भाग असलेली '.गिटकॉन्फिग' नावाची वेगळी फाइल रिपॉझिटरीच्या मुळाशी कमिट करा आणि प्रत्येकाने आपापल्या क्लोनमध्ये एकदा चालवायचं:

`गिट कॉन्फिग --लोकल इन्क्लूड.पाथ ../.गिटकॉन्फिग`

सुरुवातीची दोन टिंबं लागतात, कारण वाट '.गिट' फोल्डरच्या आतून मोजली जाते. ही फाइल कोडइतक्याच काळजीने रिव्ह्यू करा. उद्गारचिन्हाने सुरू होणारा एलियस शेलची कुठलीही कमांड चालवू शकतो, त्यामुळे अनोळखी रिपॉझिटरीतली अशी फाइल उघडून वाचल्याशिवाय जोडू नका.